ख्रिस्तोफर लॅथम शोल्स

ख्रिस्तोफर लॅथम शोल्स (जन्म : १४ फेब्रुवारी १८१९, मृत्यू : १७ फेब्रुवारी १८९०) हे अमेरिकन मुद्रक, वृत्तपत्र-संपादक, राजकारणी आणि संशोधक होते. व्यापारी तत्त्वावर यशस्वी ठरलेल्या पहिल्या टंकलेखन यंत्राचे प्रमुख जनक म्हणून ते ओळखले जातात. संगणकाच्या कळफलकावर इंग्रजी अक्षरांची जी क्वर्टी मांडणी आढळते, तिचा उगम शोल्स यांच्या यंत्रात आहे. विस्कॉन्सिन राज्यात देहान्ताची शिक्षा रद्द करविण्यातही त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. क्वर्टी मांडणीला शोल्स यांनी स्वतः अंतिम मानले नव्हते. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी वेगळ्या मांडणीच्या यंत्रासाठी पेटंटचा अर्ज केला होता. तोपर्यंत मात्र जुनी मांडणी बाजारात रुजली होती.

पूर्वायुष्य

शोल्स यांचा जन्म अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील मूर्सबर्ग या गावी झाला. त्यांचे बालपण जवळच्याच डॅनव्हिल गावात गेले. तेथील एका मुद्रणालयात त्यांनी उमेदवारी केली आणि खिळेजुळणी व छपाईचे काम शिकून घेतले. हाताने एकेक खिळा उचलून ओळ जुळवण्याच्या या कामामुळे अक्षर म्हणजे धातूचा सुटा तुकडा, ही मुद्रकाची दृष्टी त्यांच्या अंगी बाणली. पुढे यंत्ररचना करताना त्यांना या अनुभवाचा उपयोग झाला.

उमेदवारी पूर्ण झाल्यावर १८३७ मध्ये ते विस्कॉन्सिन प्रदेशात गेले. हा प्रदेश त्या वेळी राज्य झालेला नव्हता. नव्याने वसणाऱ्या गावांत वृत्तपत्रे निघत होती आणि छपाई जाणणाऱ्या तरुणांना तेथे काम मिळत असे. १८४१ मध्ये त्यांचा विवाह मेरी जेन मॅककिनी यांच्याशी झाला.

वृत्तपत्र आणि राजकारण

मिशिगन सरोवराच्या काठी असलेल्या साउथपोर्ट या गावी शोल्स यांनी साउथपोर्ट टेलिग्राफ हे वृत्तपत्र चालविले. १८५० मध्ये या गावाचे नाव केनोशा झाले आणि वृत्तपत्राच्या नावातही तसाच बदल झाला. ख्रिस्तोफर यांचे बंधू चार्ल्स शोल्स हेही पत्रकार व राजकारणी होते.

२९ मे १८४८ रोजी विस्कॉन्सिन अमेरिकेचे राज्य झाले. राज्याच्या पहिल्या सेनेटमध्ये शोल्स डेमोक्रॅटिक पक्षातर्फे सदस्य होते. गुलामगिरीच्या प्रश्नावर देशातील पक्षांची फेरजुळणी होऊ लागली, तेव्हा ते गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या फ्री सॉइल पक्षाकडे वळले आणि १८५२-५३ मध्ये राज्याच्या असेंब्लीत बसले. त्यानंतर नव्याने स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षातर्फे १८५६-५७ मध्ये ते पुन्हा सेनेटमध्ये होते.

देहान्त शिक्षेविरुद्धची चळवळ

२१ ऑगस्ट १८५१ रोजी केनोशा येथे जॉन मॅककॅफरी या इसमाला पत्नीच्या खुनाबद्दल जाहीरपणे फाशी देण्यात आले. हे दृश्य पाहण्यासाठी हजारोंचा जमाव लोटला होता. दोरीला लटकल्यानंतरही बराच वेळ त्याच्या नाडीचे ठोके चालू होते. शोल्स यांच्या वृत्तपत्राने या खटल्याचे व फाशीचे वृत्त दिले आणि अशा शिक्षेविरुद्ध कठोर लेखन केले. असेंब्लीत निवडून आल्यावर शोल्स यांनी ही शिक्षा रद्द करण्यासाठी पुढाकार घेतला. सेनेटमध्ये मार्व्हिन बोव्ही यांनी हेच काम केले. १८५३ मध्ये विस्कॉन्सिनने देहान्ताची शिक्षा कायद्याने रद्द केली. राज्याच्या कायद्यान्वये तेथे त्यानंतर कोणालाही फाशी झालेली नाही. राज्यस्थापनेनंतरच्या विस्कॉन्सिनच्या इतिहासात मॅककॅफरीची फाशी ही अशी एकमेव घटना ठरली.

मिलवॉकीतील वास्तव्य

पुढे शोल्स मिलवॉकी शहरात आले आणि तेथील वृत्तपत्रांत संपादक म्हणून काम करू लागले. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या कारकिर्दीत त्यांची मिलवॉकी बंदराचे जकात अधिकारी म्हणून नेमणूक झाली. या पदामुळे त्यांना नियमित उत्पन्न मिळू लागले आणि यंत्रांचे प्रयोग करण्यास सवड लाभली.

त्यांच्या मुद्रणालयातील जुळाऱ्यांनी संप केला, तेव्हा खिळे जुळविणारे यंत्र तयार करण्याचा प्रयत्न त्यांनी केला होता, तो फसला. त्यानंतर सॅम्युअल सूल या मुद्रक सहकाऱ्याबरोबर त्यांनी तिकिटे, पावत्या व वहीची पाने यांवर क्रमांक छापणारे यंत्र बनविले. त्याचे पेटंट त्यांना १३ नोव्हेंबर १८६६ रोजी मिळाले.

टंकलेखन यंत्राची जडणघडण

मिलवॉकी येथील क्लाइनस्टॉयबर यांच्या यंत्रशाळेत अनेक हौशी संशोधक काम करीत. त्यांपैकी कार्लोस ग्लिडन हे व्यवसायाने वकील होते व शेतीच्या अवजारावर प्रयोग करीत होते. क्रमांक छापणारे यंत्र पाहून त्यांनी, आकड्यांप्रमाणे अक्षरेही यंत्राने का छापू नयेत, अशी विचारणा शोल्स यांच्याकडे केली. १८६७ च्या जुलै महिन्यात सायंटिफिक अमेरिकन या नियतकालिकात जॉन प्रॅट यांच्या लेखनयंत्राची माहिती प्रसिद्ध झाली. ती वाचून शोल्स यांनी या कामाला हात घातला.

यंत्राने लिहिण्याची कल्पना नवी नव्हती. इंग्लंडमध्ये हेन्री मिल यांना १७१४ मध्ये, तर अमेरिकेत विल्यम बर्ट यांना १८२९ मध्ये अशा यंत्रांची पेटंटे मिळाली होती. मात्र हाताने लिहिण्यापेक्षा वेगाने चालणारे आणि रोजच्या वापरात टिकणारे यंत्र बाजारात रुजले नव्हते.

शोल्स यांनी आरंभी तारयंत्राच्या कळीचा उपयोग करून केवळ डब्ल्यू हे एकच अक्षर छापणारा नमुना तयार केला. कळ दाबली की अक्षर कोरलेला लहान दांडा वर उसळून कागदावर आदळे आणि कार्बन कागदामुळे अक्षर उमटे. कल्पना व्यवहार्य असल्याची खात्री झाल्यावर शोल्स, ग्लिडन व सूल यांनी पूर्ण वर्णमालेचे यंत्र बनविले. मॅथायस श्वालबाक या जर्मन घड्याळजीने त्याचे भाग घडविण्यास मदत केली. या यंत्राला पियानोसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या होत्या आणि अक्षरे साधारणपणे वर्णक्रमाने लावलेली होती. २३ जून १८६८ व १४ जुलै १८६८ रोजी या यंत्रांची पेटंटे मंजूर झाली. टाइप-रायटर हे नावही या यंत्राबरोबरच रूढ झाले. आरंभीच्या काळात यंत्रावर काम करणाऱ्या व्यक्तीलाही हाच शब्द वापरीत.

डेन्समोर यांचा सहभाग

यंत्रासाठी भांडवल मिळावे म्हणून शोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रावरच टंकलिखित केलेली पत्रे अनेकांना पाठविली. त्यांतील एक पत्र पेन्सिल्व्हेनियातील मीडव्हिल येथे जेम्स डेन्समोर यांना मिळाले. त्यांनी यंत्र न पाहताच तोवर झालेला ६०० डॉलर खर्च भरून त्याच्या हक्कांचा चौथा हिस्सा विकत घेतला. मार्च १८६८ मध्ये यंत्र प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र त्यांची निराशा झाली. ते यंत्र फक्त पातळ कागदावरच छापू शकत होते आणि त्याची रचना कच्ची होती. कल्पना शक्य आहे एवढेच त्यावरून सिद्ध होते, असे डेन्समोर यांचे मत झाले. सूल व ग्लिडन हळूहळू या कामातून बाजूला झाले. शोल्स व डेन्समोर यांनी ते पुढे चालविले.

डेन्समोर हे आग्रही व तापट, तर शोल्स हे भिडस्त व शांत वृत्तीचे होते. डेन्समोर यांच्या आग्रहावरून यंत्राचे एकामागून एक नमुने तयार झाले आणि ते प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडे चाचणीसाठी देण्यात आले. वॉशिंग्टन येथील लघुलेखक जेम्स क्लेफेन यांनी ही यंत्रे इतकी कसून वापरली की अनेक यंत्रे मोडून निकामी झाली. त्यांचे कठोर अभिप्राय वाचून शोल्स वैतागत. परंतु यंत्र कारखान्यात जाण्यापूर्वीच दोष कळलेले बरे, असे डेन्समोर त्यांना समजावीत. या काळात पियानोच्या पट्ट्या जाऊन गोल कळांच्या चार ओळी आल्या आणि कागद गोल रुळावरून सरकू लागला. पुढे क्लेफेन यांनीच ओटमार मर्गेनथालर यांना लायनोटाइप यंत्राच्या कामास प्रवृत्त केले.

कळफलकाची मांडणी

शोल्स यांच्या यंत्रात अक्षरांचे दांडे रुळाखाली वर्तुळाकार टांगलेले असत. कळ दाबताच संबंधित दांडा वर्तुळाच्या केंद्राकडे उसळे आणि स्वतःच्या वजनाने परत खाली येई. दांडे परत आणण्यासाठी स्प्रिंगची व्यवस्था नव्हती. शेजारचे दोन दांडे पाठोपाठ उसळले तर ते एकमेकांत अडकत. छपाई रुळाच्या खालच्या बाजूला होत असल्यामुळे लिहिणाऱ्याला ती दिसत नसे. दांडे अडकून झालेली चूक काही ओळी पुढे गेल्यावरच ध्यानात येई.

१८६८ ते १८७३ या काळात अक्षरांच्या जागा अनेकदा बदलल्या गेल्या. प्रचलित स्पष्टीकरणानुसार, इंग्रजीत वारंवार जोडीने येणाऱ्या अक्षरांचे दांडे वर्तुळात एकमेकांपासून दूर पडावेत, हा या बदलांमागील हेतू होता. अक्षरांच्या जोड्यांचा अभ्यास जेम्स डेन्समोर यांचे बंधू एमॉस यांनी केला, असेही सांगितले जाते. अलीकडे जपानमधील क्योटो विद्यापीठातील संशोधकांनी या स्पष्टीकरणाला आव्हान दिले आहे. आरंभीची यंत्रे वापरणाऱ्यांत तारघरातील कर्मचारी होते आणि मोर्स संकेत ऐकून लिहिण्याच्या त्यांच्या गरजेनुसार अक्षरे हलविली गेली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. टंकलेखकाचा वेग मुद्दाम कमी करण्यासाठी क्वर्टी मांडणी योजली, ही समजूत लोकप्रिय असली तरी तिला आधार नाही. दांडे अडकणे टळले तर लेखनाचा वेग वाढतच असे.

मूळच्या वर्णक्रमाची खूण आजच्या कळफलकावरही दिसते. मधल्या ओळीत डी, एफ, जी, एच, जे, के, एल ही अक्षरे क्रमाने आहेत. त्यांच्यामधील ई व आय हे स्वर तेवढे वरच्या ओळीत गेले आहेत. शोल्स यांच्याकडून मांडणी कारखान्याकडे गेली तेव्हा वरच्या ओळीत ई आणि टी यांच्या मध्ये पूर्णविराम होता. रेमिंग्टनच्या कारखान्यात तो हलवून तेथे आर आणण्यात आला आणि क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय हा क्रम पूर्ण झाला. या बदलानंतर टाइपरायटर हा इंग्रजी शब्द केवळ वरच्या ओळीतील अक्षरांनी लिहिता येतो. एक आणि शून्य या आकड्यांना स्वतंत्र कळा नव्हत्या. त्यांच्यासाठी आय आणि ओ ही अक्षरे वापरीत.

रेमिंग्टन कंपनीशी करार

मिलवॉकीतील लहान यंत्रशाळेत मोठ्या प्रमाणावर उत्पादन शक्य नव्हते. डेन्समोर आणि त्यांचे सहकारी जॉर्ज योस्ट यांनी न्यू यॉर्क राज्यातील इलियन येथे ई. रेमिंग्टन अँड सन्स या कंपनीला यंत्र दाखविले. ही कंपनी बंदुकांसाठी प्रसिद्ध होती. यादवी युद्ध संपल्यावर बंदुकांची मागणी घटली होती व ती शिवणयंत्रांसारख्या नव्या मालाकडे वळली होती. १ मार्च १८७३ रोजी उत्पादनाचा करार झाला.

शोल्स यांनी आपला हिस्सा एकरकमी विकला. ही रक्कम १२,००० डॉलर होती, असे सामान्यतः नमूद केले जाते. डेन्समोर यांनी मात्र प्रत्येक यंत्रामागे मानधन घेण्याचा आग्रह धरला आणि त्यातून ते पुढे श्रीमंत झाले. व्यवहाराच्या वाटाघाटींत शोल्स यांना रस नव्हता आणि यंत्राच्या भवितव्याबद्दल डेन्समोर यांच्याइतका विश्वासही त्यांना वाटत नव्हता.

शोल्स अँड ग्लिडन टाइप-रायटर या नावाने हे यंत्र १८७४ मध्ये १२५ डॉलर किमतीला विक्रीस आले. विल्यम जेन व जेफरसन क्लफ या कारागिरांनी त्याला कारखान्यात घडविण्याजोगे रूप दिले होते. शिवणयंत्राच्या विभागाचा ठसा त्यावर स्पष्ट होता. यंत्राच्या काळ्या पत्र्यावर फुले रंगविलेली होती, ते शिवणयंत्रासारख्या बैठकीवर बसविले होते आणि ओळ संपल्यावर रूळ मागे आणण्यासाठी पायाने पट्टी दाबावी लागे. त्यावर फक्त मोठ्या लिपीतील अक्षरे उमटत. आरंभीच्या ग्राहकांत लेखक मार्क ट्वेन हे होते. तरीही विक्री मंद राहिली. छापील दिसणारे पत्र मिळाल्यास, आपल्याला हस्ताक्षर वाचता येत नाही असे समजले गेले की काय, असे वाटून काही लोक रागावत.

१८७८ मध्ये रेमिंग्टन क्रमांक २ हे यंत्र आले. त्यात शिफ्ट कळ होती. तिच्यामुळे एकाच कळीने मोठे व लहान अशी दोन्ही अक्षरे छापता येऊ लागली. या यंत्रापासून धंद्याने जोर धरला. २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटी येथे झालेल्या स्पर्धेत फ्रँक मॅकगरिन यांनी रेमिंग्टनवर, कळांकडे न पाहता टंकलेखन करून लुई ट्रॉब यांचा पराभव केला. ट्रॉब यांच्या यंत्रावर मोठ्या व लहान अक्षरांसाठी स्वतंत्र कळा होत्या. या निकालामुळे न पाहता टंकलेखन करण्याच्या पद्धतीला आणि तिच्याबरोबर क्वर्टीला प्रतिष्ठा मिळाली. १८९३ मध्ये प्रमुख अमेरिकन टंकयंत्र कंपन्या एका संघटनेखाली आल्या व क्वर्टीचे स्थान पक्के झाले.

अखेरची वर्षे

हक्क विकल्यानंतरही शोल्स यांनी संशोधन थांबविले नाही. क्षयाच्या दीर्घ आजाराने ते अशक्त झाले होते, तरी ते यंत्रात सुधारणा करीत राहिले. १८८९ मध्ये त्यांनी एका नव्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यातील अक्षरांची मांडणी क्वर्टीपेक्षा पूर्णपणे वेगळी होती. हे पेटंट त्यांच्या मृत्यूनंतर, १८९६ मध्ये मंजूर झाले. त्या वेळेपर्यंत हजारो टंकलेखकांची बोटे क्वर्टीला सरावली होती, शिकवणीचे वर्ग त्याच मांडणीवर चालत होते आणि कंपन्याही तिलाच धरून होत्या. मूळ संशोधकाची सुधारित मांडणी वापरात आली नाही.

यंत्रामुळे स्त्रियांना कार्यालयांत रोजगार मिळू लागल्याचे शोल्स यांनी आपल्या हयातीत पाहिले. न्यू यॉर्क येथे यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशनने १८८१ मध्ये मुलींसाठी टंकलेखनाचे वर्ग सुरू केले होते. शोल्स यांची कन्या लिलियन हिचे यंत्रावर काम करतानाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे; यंत्रावर टंकलेखन करणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांत तिची गणना होते. कष्टाने पोट भरणाऱ्या स्त्रियांसाठी आपल्या हातून काही घडले, याचे समाधान शोल्स यांनी अखेरच्या काळात व्यक्त केले होते.

१७ फेब्रुवारी १८९० रोजी मिलवॉकी येथे वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन तेथील फॉरेस्ट होम दफनभूमीत करण्यात आले.

संगणकाच्या कळफलकावरील प्रभाव

विसाव्या शतकात टंकलेखन यंत्राची मांडणी दूरमुद्रकांकडे गेली आणि दूरमुद्रकांवरून संगणकाकडे आली. १९६० च्या दशकात दूरमुद्रक हेच अनेक संगणकांचे आदान व प्रदान साधन होते. कळा दाबून आज्ञा द्यायची आणि त्याच यंत्राच्या कागदावर उत्तर वाचायचे, अशी पद्धत होती. पुढे कागदाची जागा पडद्याने घेतली, कळफलक मात्र कायम राहिला.

आजच्या कळफलकावर जुन्या यंत्राचे अनेक अवशेष आहेत. कळांच्या ओळी एकमेकींच्या सरळ खाली नसून किंचित सरकलेल्या असतात, कारण मूळ यंत्रात प्रत्येक कळीखालून जाणाऱ्या पट्टीला स्वतंत्र वाट लागत असे. ओळ संपल्यावर रूळ मागे आणण्याच्या क्रियेवरून रिटर्न या कळीला नाव मिळाले. अक्षरांचा अख्खा संच वर-खाली सरकविण्याऐवजी शिफ्ट कळ आता केवळ विद्युतसंकेत बदलते.

१९६१ मध्ये आयबीएम कंपनीच्या सिलेक्ट्रिक यंत्रात दांड्यांऐवजी फिरता गोळा आला, तेव्हाच दांडे अडकण्याचा प्रश्न संपला होता. संगणकात तर हलणारे अक्षरच नसते. ऑगस्ट ड्वोरॅक व विल्यम डीली यांनी १९३६ मध्ये पेटंट मिळविलेल्या मांडणीसारखे पर्यायही पुढे आले, पण क्वर्टी टिकून राहिली. फ्रान्स व जर्मनीतील प्रचलित मांडण्या हे तिचेच बदललेले अवतार होत.

भारतातील टंकलेखन आणि मराठी कळफलक

भारतात टंकलेखन यंत्रे इंग्रजी राजवटीत कचेऱ्यांमधून रुळली. देवनागरी यंत्रे शोल्स यांच्या यंत्राच्याच सांगाड्यावर उभी राहिली. मर्यादित कळांवर देवनागरी बसविण्यासाठी अनेक अक्षरे अर्धी ठेवून त्यांना काना जोडण्याची युक्ती योजली गेली, तर काही मात्रांच्या कळा दाबल्यावर रूळ पुढे सरकत नसे. ही मांडणी रेमिंग्टन याच नावाने ओळखली जाते आणि संगणकावर मराठी लिहिणारे अनेक जण अजून ती वापरतात. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट ही वेगळी मांडणी तयार केली. तिच्यात स्वर डाव्या हाताकडे व बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. कळांचा सांगाडा मात्र तिच्यातही जुनाच आहे.

भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र १९५५ मध्ये गोदरेज अँड बॉइस कंपनीने तयार केले. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील तिच्या कारखान्यात पुढे ही यंत्रे बनत. २००९ मध्ये कंपनीने त्यांचे उत्पादन थांबविले. महाराष्ट्र शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट या वेगाचे प्रमाणपत्र लागते. त्याची परीक्षा आता संगणकाच्या कळफलकावर घेतली जाते.